सुट्टीतले वाचनालय कोणाचे?

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाने उन्हाळ्यात मुलांसाठी आणि तरुणांसाठी काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. ज्या भागात कापूस पिकवणारा शेतकरी कर्जापायी जीव देतो, तेथे गोष्टींच्या पुस्तकांची चर्चा ही चैन आहे, असे माझ्या एका कार्यकर्त्या मित्राने मला तोंडावर सुनावले होते. मला ते पटले नाही. का पटले नाही, ते येथे सांगावयाचे आहे. मी ह्या भागात शिक्षक म्हणून काम केले आहे आणि गेली काही वर्षे उन्हाळ्यात एका वाचनालयाची पुस्तके पेटीत भरून वस्त्यांवर नेतो आहे. तेव्हा जे लिहितो आहे ते निव्वळ वाचलेले नाही, आणि निव्वळ अनुभवाचेही नाही.

प्रथम सुट्टीचा हिशेब पाहू. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यास उघडतात. विदर्भात ऊन असे असते की त्या जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलाव्या लागतात. म्हणजे पुण्या-साताऱ्याच्या मुलापेक्षा आमच्या मुलाची सुट्टी आठ-पंधरा दिवसांनी अधिक लांब. सुट्टी म्हणजे मामाचे गाव, आंबे आणि पत्ते, ही कल्पना पाठ्यपुस्तकातून आलेली आहे. ती आमच्या वस्तीतून आलेली नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोह वेचायला जायचे, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा आणि दुपारी घरी बसून त्याचे पुडे बांधायचे, शेतातली पऱ्हाटी उपटायची, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन पाण्याच्या रांगेत उभे राहायचे, ही आमची सुट्टी. शाळा बंद झाली की शाळेतली खिचडीही बंद होते. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला होता. पोटाच्या भुकेसंबंधी निदान एक आदेश तरी निघाला. पुस्तक मात्र शाळेच्या कपाटात कुलूपबंद होते आणि ते का झाले, असे कोणी विचारत नाही.

अमेरिकेत ह्याचा अभ्यास झालेला आहे. बार्बरा हेन्स ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातील शाळकरी मुलांचा अभ्यास करून १९७८ साली ग्रंथ लिहिला. गरीब आणि सुखवस्तू मुलांमधले अंतर शाळेच्या दिवसांपेक्षा सुट्टीत अधिक रुंदावते, आणि सुट्टीतल्या शिकण्याला हातभार लावणाऱ्या सार्वजनिक संस्थांत सार्वजनिक वाचनालय सर्वांत पुढे असते, असे त्यांना आढळले. वाचनालयापासूनचे अंतर, मूल तेथे जाते की नाही आणि सुट्टीत किती पुस्तके वाचते, ह्याला महत्त्व होते. पुढे रिचर्ड ॲलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातील गरीब वस्त्यांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तके दिली. ती कायमची दिली, आणि मुलांनी स्वतः निवडलेली दिली. २०१० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: ही मुले पुस्तके न मिळालेल्या मुलांच्या पुढे गेली, आणि हा फरक उन्हाळी शाळा भरवून पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा होता. ह्या प्रकारच्या मोजमापावर अलीकडे तेथील अभ्यासकांनीच शंका घेतल्या आहेत. सुट्टीत किती गळते आणि ते सर्वत्र सारखेच गळते काय, ह्याविषयी एकमत नाही. मारेगावचे मूल म्हणजे अटलांटाचे मूल नव्हे, हेही खरे. पण जूनमध्ये वर्गावर गेलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. एप्रिलमध्ये अडखळत का होईना वाचणारा मुलगा जूनच्या शेवटी जोडाक्षरापाशी थांबतो. ज्याच्या घरी रोज वर्तमानपत्र येते तो थांबत नाही.

आपल्या चळवळीला ही गोष्ट नवीन नाही. शाळेच्या वेळेबाहेरचे वाचन माणसाला कुठे नेते, ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच घरात आहे. शाळकरी भीमराव मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत असे. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची त्याच्यावर नजर गेली. पुढे १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बाग, मोकळी संध्याकाळ, वाचणारा मुलगा आणि त्याला योग्य पुस्तक देणारा एक मोठा माणूस: उन्हाळी वाचनाच्या सगळ्या योजना शेवटी एवढ्यावरच येतात. ह्या बीजाचे काय झाले ते १९५६ साली नागपुरात जगाने पाहिले. पुस्तकांसाठी बाबासाहेबांनी काय सोसले तेही ठाऊक असावे. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांची पुस्तके ज्या बोटीवर होती, ती पाणतीराने बुडाली. त्या पुस्तकांच्या भरपाईतून त्यांचा बडोद्याच्या नोकरीवर जाण्याचा खर्च निघाला.

परंतु बाबासाहेब आपल्या ग्रंथसंग्रहापुरते पाहणारे नव्हते. जुलै १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या जोडीने वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासमंडळे काढणे हे स्पष्टपणे नमूद होते. १९२५ साली सभेने सोलापूरला वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले, आणि विद्यार्थी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढू लागले. 'युवक कार्यक्रम' हा शब्द आज सरकारी परिपत्रकांतून झिजला आहे. त्याचा मूळ आराखडा मात्र येथे आहे: राहायला जागा, वाचायला पुस्तक, बोलायला मंडळ आणि लिहायला पत्र.

आता दरवाजाकडे वळू. १९२३ साली सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. वाचनालयाचा त्या यादीत उल्लेख नाही. शिवाय तो ठराव मुंबई इलाख्यापुरता. आमचे वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताच्या कारभाराखाली होते. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमाने, राज्याच्या पैशावर पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक जागेत जातीवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे ठरवले. अनुदान घेणारे वाचनालय ह्यात बसते, हे सांगायला वकील नको.

अमेरिकेतील काळ्या बांधवांना हा दरवाजा अंगावर घ्यावा लागला. रिचर्ड राईट ह्या लेखकाला तरुणपणी मेम्फिस शहरात वाचनालयातून स्वतःच्या नावावर पुस्तक मिळत नसे. एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड घेऊन, आपण त्याच्यासाठीच पुस्तके नेत आहोत असे भासवून तो वाचत असे. १९४५ च्या त्याच्या आत्मकथनात हे आहे. २७ मार्च १९६१ रोजी टुगालू महाविद्यालयाचे नऊ विद्यार्थी मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराच्या गोऱ्यांच्या वाचनालयात गेले, पुस्तके काढून शांतपणे वाचत बसले आणि त्याबद्दल त्यांना अटक झाली. त्यांच्यातल्या मुली चार होत्या. महाडच्या तळ्याची आठवण व्हावी असा हा प्रसंग आहे. तेथे पाणी होते, येथे पुस्तक.

आमच्या वाचनालयांच्या दारावर अशी पाटी कधी दिसणार नाही. आमच्याकडे अनामत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याच्या आधी, १९४८ साली, मद्रासने कायदा केला आणि ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसवला. महाराष्ट्राने उपकर टाळला आणि लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता व अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. ह्या मार्गाने गावोगावी वाचनालये झाली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्यामुळे वाचनालय हे एका कार्यकारी मंडळाचे राहिले, आणि सभासद हा वर्गणी व अनामत भरणारा माणूस ठरला. अनामत रक्कम मोठी नसते. मंडळाच्या माणसाला ती चहापाण्याच्या खर्चासारखी वाटते. रोजंदारीवरच्या बाईला तीन मुलांची अनामत भरायची म्हणजे दिवसाची मजुरी मोडणे होय. शिवाय अर्जावर कोणा जुन्या सभासदाची शिफारस लागते तेथे आडनाव बोलू लागते. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात, अगदी २०२२ च्या सुधारित मसुद्यातही, ही सेवा तत्त्वतः मोफत असावी असे म्हटले आहे. आपल्याकडे ते तत्त्व अजून समारंभाच्या भाषणातच असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्रंथपालाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. 'ड' वर्गाच्या वाचनालयाचे वार्षिक अनुदान दीर्घकाळ ३०,००० रुपये होते. २०२२ साली साठ टक्के वाढ झाल्यावर ते ४८,००० झाले. त्यातला निम्मा भाग सेवकाच्या वेतनाचा धरला, तर त्या हिशेबाने महिन्याला २,००० रुपये पडतात. एवढ्या पैशात जो माणूस कुलूप उघडतो, झाडतो, वर्तमानपत्रे लावतो, देवघेव करतो आणि निरीक्षणाच्या वेळी दाखलनोंदवही पुढे ठेवतो, त्याने उन्हात पेटी घेऊन वस्तीवर जावे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? म्हणून हे काम शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले पाहिजे, आणि वाचनालयाने फक्त पुस्तके सोडली पाहिजेत. 'फक्त' म्हणतो आहे, पण अडते ते तिथेच.

आम्ही ज्या वाचनालयाशी बोललो त्याच्या मंडळाचे म्हणणे असे की, पुस्तके हरवतील आणि मळतील. त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. एक, अनामतीच्या जागी मुलाच्या शिक्षकाचे हमीपत्र घ्यावे. हरवले तर शिक्षक पाहून घेईल. दोन, जे पुस्तक वाचून फाटले ते वाया गेले असे समजू नये. झिजलेले पुस्तक नोंद करून बाद करण्याची रीत ग्रंथालयाच्या कारभारात आहेच. कपाटात वाळवीने खाल्लेल्या पुस्तकाबद्दल कोणी कोणाला हमीपत्र मागत नाही. ह्यावर एक सभासद हसले, आणि ठराव झाला. पुस्तके हरवली का? काही हरवली. काहींवर तेलाचे आणि हळदीचे डाग पडले. मे महिना लग्नांचा असतो. पण एक गोष्ट मी पाहिली. शिक्षकाच्या हमीवर दिलेले पुस्तक मूल जपते, कारण त्याच्या नावाने कोणीतरी शब्द दिलेला असतो.

पेटीची कल्पना आमची नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले, त्यात लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरणारी वाचनालये होती. ज्या राजाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले त्याच राजाची ही योजना. आमची पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक. ती मार्डी, कुंभा, बोटोणी ह्या बाजूंना कधी एसटीने, कधी कोणाच्या मोटारसायकलवर बांधून जाते. बौद्ध वस्तीत विहार किंवा समाजमंदिर असते, त्यामुळे जागेचा प्रश्न नसतो. कोलामांच्या पोडावर झाडाची सावली हीच जागा.

वेळ ही दुसरी अडचण. बहुतेक वाचनालये सकाळी उशिरा किंवा संध्याकाळी उघडतात, आणि संध्याकाळी बाकांवर वर्तमानपत्र वाचणारे पुरुष बसलेले असतात. तेथे बारा वर्षांची मुलगी पाय ठेवत नाही. तिला कोणी हाकलत नाही, पण ती येत नाही. आम्ही मंडळाकडे उन्हाळ्यापुरता सकाळी सातचा एक तास मागून घेतला. त्या तासात बाके मुलांची. मोह-तेंदूच्या दिवसांत सकाळी पोडावर कोणी सापडत नाही. तेथे दुपारी जावे लागते, ती पुडे बांधण्याची वेळ. हात कामात गुंतलेले असतात आणि कान मोकळे असतात. अशा वेळी मोठ्याने वाचून दाखवणे हाच कार्यक्रम. मुलांबरोबर त्यांच्या आया आणि आज्याही ऐकतात, मध्येच थांबवून विचारतात. मला तर असे वाटते की हा सर्वांत चांगला वाचनवर्ग आहे, कारण येथे कोणी परीक्षा घेत नाही.

अमेरिकेतल्या वाचनालयांत उन्हाळी वाचनाची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. तेथे किती पुस्तके वाचली त्याची यादी ठेवतात आणि बक्षिसे देतात. आपल्याकडेही काही शिबिरांतून ही रीत आली आहे. मी तिच्या विरुद्ध आहे. पुस्तकांच्या संख्येवर बक्षीस ठेवले की ज्याच्या घरी निवांत जागा आणि दिवा आहे तोच जिंकणार हे ठरलेले असते. ज्या मुलीने भाकरी थापता थापता महिनाभरात एकच पुस्तक दोनदा वाचले, तिला त्या शर्यतीत शेवटचा नंबर मिळतो. आम्ही एवढेच करतो: पुस्तक परत देताना मुलाने त्यातले काहीही एक सांगावे. आवडले नाही असे सांगितले तरी चालते. ॲलिंग्टनच्या प्रयोगातली खरी मेख मुलाने स्वतः पुस्तक निवडण्यात आहे, आणि आपण शिक्षक मंडळी तिथेच कच खातो. मुलगा भुताची गोष्ट उचलतो. आपण त्याच्या हातात थोर पुरुषाचे चरित्र कोंबतो. भुताची वाचू द्यावी. ती संपली की तो स्वतःच पेटीत पुढे हात घालतो.

पेटीत काय असावे? नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातील चित्रांची पुस्तके स्वस्त आहेत आणि लहानांना आवडतात. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून वाचनालयांना जी पुस्तके मिळतात त्यांतली मुलांची वेगळी काढावीत. मोठ्यांसाठी अण्णाभाऊंची 'फकिरा' हवीच. परंतु एक उणीव जाणवते. पोडावरचे मूल घरी कोलामी बोलते. ती द्रविड कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. तिचे व्याकरण एमेनो ह्या भाषाशास्त्रज्ञाने अभ्यासले आणि १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने ते छापले. म्हणजे ह्या भाषेवरचा ग्रंथ सात समुद्रापलीकडे आहे, आणि आमच्या पेटीत त्या भाषेतली चार पानांची गोष्ट नाही. ह्यावर आम्ही एक साधा उपाय केला. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी शाळेत जाणाऱ्या मुलांनीच देवनागरीत वहीत उतरवल्या. लिहिताना वाद झाले, कारण काही आवाज देवनागरीत नीट बसत नाहीत. ती वही पेटीत ठेवली. ग्रंथपालांनी विचारले, हिची किंमत किती आणि प्रकाशक कोण? शेवटी ती भेटपुस्तकांत नोंदवली गेली.

तरुणांची गोष्ट वेगळी आहे, आणि अधिक अवघड. आज तालुक्याच्या वाचनालयात तरुण दिसतात ते अभ्यासिकेत. पोलीस भरती, तलाठी, लोकसेवा आयोग. सकाळपासून ते मार्गदर्शक पुस्तकांवर वाकलेले असतात. पुस्तकांची कपाटे त्यांच्या पाठीमागे असतात आणि वर्षभरात त्यांतले एकही त्यांनी उघडलेले नसते. मी ह्याची थट्टा करणार नाही. नोकरी ही आमच्या पिढ्यांना गावकुसाबाहेरून काढणारी शिडी होती, आणि ती शिडी आता अरुंद झाली आहे. पण शेकडो जागांसाठी लाखो अर्ज होतात, त्यात जे उरतात त्यांच्याजवळ त्या वाचनातले काय राहते? म्हणून अभ्यासिकेतल्या मुलांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ आम्ही अभ्यासमंडळ चालवतो. एक पुस्तक, दीड तास. बाबासाहेबांचे लेखन व भाषणे १९७९ पासून शासनाने खंडांतून प्रसिद्ध केली. त्यांतले थोडे थोडे वाचतो. संविधान सभेतली चर्चा वाचली तेव्हा परीक्षेची तयारी करणारे पोरगे म्हणाले की कलमांचे क्रमांक पाठ होते, ती का आली ते माहीत नव्हते.

आत्मकथने वाचताना मात्र गंमत झाली. 'बलुतं' १९७८ सालचे. माझ्या पिढीला त्याने हादरवले. मला वाटले होते तरुण पेटून उठतील. एक मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, हे तं आमच्या आबाच्या तोंडून ऐकलंच हाय. हे पुस्तकात कायले?" त्यावर कुमुद पावडे ह्यांचे 'अंतःस्फोट' वाचून आलेली एक मुलगी त्याच्याशी भांडली. तिचे म्हणणे, तुझ्या आबाने तुला सांगितले, माझ्या आजीने मला काहीच सांगितले नाही. मला ते पुस्तकातूनच कळले. दोघांचेही खरे आहे. त्यानंतर आमच्या मंडळातील वाचनात बेबी कांबळे, उर्मिला पवार आल्या, आणि यवतमाळ जिल्ह्याचेच भुजंग मेश्राम आले. त्यांचे 'उलगुलान' हातात पडल्यावर गोंड-परधान मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मी येथे वर्णन करीत बसत नाही. बौद्ध, मातंग, गोंड, कोलाम अशी मुले एका बाकावर बसून एकमेकांची पुस्तके वाचतात, हे राजकीय ऐक्याच्या परिषदांतून साधले नव्हते. अर्थात दीड तासानंतर ती आपापल्या वस्तीत जातात, हेही आहेच. ह्या मंडळातल्या मुलांनी भित्तिपत्रक सुरू केले आहे. त्याचे दोन अंक निघाले, तिसरा भरतीच्या जाहिरातीमुळे अडला.

ज्या शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना आपल्या तालुक्यात हे करावयाचे असेल त्यांना व्यवहाराचे सांगतो. मे महिन्यात जाग येऊन उपयोग नाही. मंडळाची सभा मार्चमध्ये गाठावी, हमीपत्राचा ठराव लेखी करून घ्यावा, तोंडी आश्वासनावर राहू नये. चौदा एप्रिलच्या वर्गणीतला थोडा भाग पुस्तकांसाठी काढून ठेवण्यास तरुण मंडळे तयार होतात, डी.जे.वरचा खर्च दाखवून बोलावे लागते, थोडे वाजतेही. शाळेचे निकाल लागण्यापूर्वी मुलांची नावे वर्गशिक्षकाकडून घ्यावीत, कारण नंतर निम्मी घरे कामासाठी बाहेरगावी गेलेली असतात. जी बाहेर जातात त्या मुलांना दोन-तीन पुस्तके बरोबर द्यावीत आणि जूनमध्ये परत मागावीत. ही पुस्तके सर्वांत कमी परत येतात. तरीही द्यावीत. पेटी पावसाच्या आत, म्हणजे शाळा उघडण्याच्या आठवड्यात, वाचनालयात परत न्यावी आणि ग्रंथपालांसमोर एकेक पुस्तक मोजून द्यावे. पुढच्या मार्चमध्ये मंडळ आपल्याला पुन्हा पुस्तके देते की नाही, ते ह्या मोजणीवर ठरते.